निळ्या रोबोच्या पाठीतलं भोक

माझ्या कपाटात पुस्तकांच्या पुढे एक निळा रोबो उभा असतो. त्याची पाठ मी भिंतीकडे ठेवते. मागच्या दिवाळीत शेजारच्यांचा मुलगा फराळाला आला आणि त्यानं तो उचलून नेमका उलटा केला. मुलगा म्हणजे चांगला पंचविशीच्या पुढचा, नोकरीवाला. ट्रकचा रोबो आणि रोबोचा ट्रक होणारी खेळणी जमवायचा त्याला नाद आहे. ती तो डब्यातून बाहेरही काढत नाही, हे त्यानं इतक्या अभिमानानं सांगितलं की मला त्या खेळण्यांची दया आली.

पण जाणकार खरा. त्यानं मला सगळं समजावलं. आधी बाहेरच्या देशातला अस्सल, छातीला धातूची पट्टी असलेला. मग त्याची जरा स्वस्त आवृत्ती. मग आपल्याकडच्या नकला, त्यातही पहिल्या साच्यातल्या वेगळ्या आणि नंतरच्या वेगळ्या. "काकू, हा नंतरच्या साच्यातला. यात पाठीचं भोक बंद केलेलं असतं. असे फार कमी उरलेत." मग त्यानं पाठीवर बोट फिरवलं. "पण हे भोक कुणी पाडलं? याची सगळी किंमत गेली की."

"माझ्या वडिलांनी," मी म्हणाले.

त्यानं च्च केलं. मला त्याचा इतका राग आला की चिवडा पुन्हा वाढायला मी उठलेच नाही.

आम्ही नशिराबादचे. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. शेती काका बघायचे आणि नाना केळीचा ट्रक चालवायचे. फैजपूरकडची केळी भरायची, दिल्लीला उतरवायची, येताना मिळेल तो माल घेऊन आग्रा रोडनं धुळ्याला यायचं आणि तिथं गाडी रिकामी करून घरी. त्यांच्या प्रत्येक शर्टावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग असायचे. ते डाग कशानंही जात नाहीत. माय साबण घासून घासून शेवटी धुण्यावरच चिडायची.

धुळ्यात नानांची बहीण राहायची, आमची फुई. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. तिचा नवरा अचानक गेला. मूलबाळ नव्हतं. धुळ्याच्या नंबरच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत दोन खोल्या आणि एक शिवणयंत्र, एवढाच तिचा संसार उरला. साड्यांना फॉल लाव, पोलकी शिव, यात तिचा दिवस जायचा. संध्याकाळ काही केल्या जायची नाही. ती माहेरी आली की उंबऱ्यात बसून राहायची आणि उठायचं नाव घ्यायची नाही. मग घरात ठरलं की तिला सोबत म्हणून एक पोर द्यावं. दादा मोठा, पण मुलगा, तो काय सोबत करणार! म्हणून मी. तेव्हा मी दुसरी पास झाले होते. माय फुईला म्हणाली, "एक साल ऱ्हाऊ द्या तिले. तुमनं मन लागी." माझं मन लागेल की नाही हे कुणी विचारलं नाही. तशी विचारायची पद्धतही नव्हती.

एक साल. हे साल म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या शेतावर सालदार होता, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. सालदाराचं वर्ष आखाजीला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला भरतं. अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. त्या दिवशी सालदार मोकळा होतो. वाटलं तर वळकटी काखेत मारून आपल्या घरी जातो. मलाही आखाजी झाल्यावरच धुळ्याला पोचवलं होतं. तेव्हा माझं साल पुढच्या आखाजीला भरणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

धुळ्यात मला करमलं नाही. सरळ सांगते, एक दिवसही करमलं नाही. फुई वाईट नव्हती, पण तिला बोलायची सवयच उरली नव्हती. यंत्र चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. शाळेतल्या मुलींच्या जोड्या आधीच लागलेल्या होत्या. मधल्या सुट्टीत मी हौदापाशी उभी राहून उगाच पाणी पीत राहायचे. रात्री आम्ही दोघी समोरासमोर जेवायचो आणि भाकरी मोडल्याचा आवाज मला ऐकू यायचा. जिला सोबत द्यायला मला पाठवलं होतं ती एकटी, आणि मीही एकटी. दोन एकट्यांना एका खोलीत ठेवलं की सोबत होते असं मोठ्या माणसांना का वाटतं, हे मला अजून समजलेलं नाही.

पावसाळा संपता संपता एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा हॉर्न वाजला. फुई यंत्रावरून ओरडली, "तुना बाप उना वं!" नाना आले ते एक खोका घेऊन. दिल्लीच्या बाजारातून त्यांनी दोन रोबो घेतले होते, लाल दादाला आणि निळा मला. दुसऱ्या कुणाच्या बापानं मुलीला बाहुली आणली असती. नाना म्हणायचे की ट्रकवाल्याच्या पोरीला ट्रकच पाहिजे.

तो निळा हातात घेतला की जड लागायचा. छातीला धातूची पट्टी होती, सकाळी ती गार असायची. चाकांना खरं रबर होतं. पाय मुडपले, हात आत ढकलले, मान खाली दाबली की त्याचा ट्रक व्हायचा, आणि होताना कटकन् आवाज यायचा. डोळे पिवळ्या रंगानं रंगवलेले होते. एकच गोष्ट कळेना. त्याच्या पाठीत, खांद्यांच्या मधोमध, एक चौकोनी भोक होतं. नानांनाही ते कशाचं हे माहीत नव्हतं. फुईनं त्यात बोटाचं टोक घालून बघितलं आणि म्हणाली की सेलचं असेल. सेल काही त्यात बसत नव्हता. मी त्यात कधी तांदळाचा दाणा ठेवायचे, कधी फुईच्या यंत्राची मोडकी सुई. तो खिडकीत उभा असायचा आणि मी शाळेतून आल्यावर त्यालाच सगळं सांगायचे. सांगण्यासारखं फार काही नसायचं.

आखाजी आली. आखाजीला लेकी माहेरी येतात. त्यांना न्यायला भाऊ येतो, न्यायला आल्याशिवाय त्या निघत नाहीत. नाना फुईला न्यायला आले आणि केबिनमध्ये फुईच्या शेजारी मी बसले, मांडीवर निळा. धुळ्याहून नशिराबादपर्यंत मी एकटीच बोलत होते. माझं साल भरलं होतं ना!

घरी कडुनिंबाला झोका टांगलेला होता. मी आत शिरले तर दादा त्याचा लाल घेऊन ओसरीत हजर. त्याची तक्रार वेगळीच होती. त्याचा लाल कधी उभाच राहत नव्हता. दोन पायांच्या मध्ये खाली एक चौकोनी खुंटी होती, ती टेकायची आणि तो तोंडावर पडायचा. आणल्यापासून तो त्याला भिंतीला टेकवून उभा करत होता. आम्ही दोघांनी एकदा खुंटीकडे बघितलं, एकदा भोकाकडे बघितलं, आणि एकदमच ओरडलो.

निळ्याची मान आत ढकलून पाठ वर केली, लालची खुंटी त्या भोकात दाबली, कटकन् आवाज झाला आणि एक उंच रोबो उभा राहिला. वरचा अर्धा लाल, खालचा अर्धा निळा. अख्खं घर बघायला आलं. कापडानं हात पुसत माय आली, काका आले. लाल पहिल्यांदाच आपल्या पायावर उभा होता, म्हणजे माझ्या निळ्याच्या पायावर. नाना तर इतके खूश झाले की जणू त्यांनी स्वतःच तो बनवला होता.

त्याच दिवशी ओसरीत काकांनी सालदाराला नवे कपडे दिले आणि विचारलं, "काय रे, ऱ्हास का आखो एक साल?" सालदारानं मान खाजवली, जरा वेळ लावला आणि म्हणाला, "ऱ्हास." आणखी एक साल राहतो, म्हणाला. मी झोक्यावरून ते ऐकत होते. आता मलाही कुणीतरी विचारणार, म्हणून मी उत्तर घोळवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. लग्नसराईचं शिवण खोळंबलं होतं म्हणून फुईला लवकर परतायचं होतं. शाळेला सुट्टी होती, तरी फुईच्या पिशवीबरोबर माझीही पिशवी भरली गेली. शेवया, पापड, सगळं दोघींचं एकत्र.

तेव्हा मी एक युक्ती केली. निळा मी जोडलेलाच ठेवला. माय म्हणाली, "तुना घेई जाय ना." मी म्हटलं, राहू दे, दोघं मिळून चांगले दिसतात. माझा हिशेब सरळ होता. माझी वस्तू इथं अडकलेली राहिली की मला यावंच लागेल, आणि नानांना रिकामी खिडकी दिसली की कळेल. तोंडानं सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून ते काम मी निळ्याला दिलं.

मग ती खिडकी सबंध पावसाळा रिकामी राहिली. नाना येऊन जाऊन असायचे. आले की खिडकीकडे बघायचे, हे मी बघायचे. एकदा त्यांनी फुईला काहीतरी विचारलं आणि फुई हळूच म्हणाली, "रिकामी बसी ऱ्हास पोर. तिले करमत नही." मला वाटलं, झालं! पुढच्या खेपेला नाना मला नेणार. मी माझे कपडे ट्रंकेत एका बाजूला लावून ठेवले.

पुढच्या खेपेला नाना आले ते खोका घेऊन. इतके हसत आले होते की माझ्यानं त्यांच्या तोंडाकडे बघवेना. "आते तुले इथं बी एक ऱ्हायी," ते म्हणाले. तुला आता इथंही एक राहील. कुठल्या तरी दुकानात त्यांनी दोन खेपा शोधून शोधून तोच निळा मिळवला होता.

तोच नव्हता. हातात घेतल्याबरोबर मला कळलं. हा हलका होता. धातूची पट्टी गेली होती, त्या जागी चंदेरी कागद चिकटवलेला. रंग धुतलेल्या आकाशी पोलक्यासारखा फिका. चाकं नुसत्या प्लास्टिकची. पिवळे डोळे रंगवलेले नव्हते, छापलेले होते, आणि एक डोळा नाकावर आला होता. पाय मुडपताना कटकन् आवाज येत नव्हता, ते आपोआपच लोंबकळायचे. आणि मग मी तो उलटा केला. पाठ सपाट होती. भोकाच्या जागी नुसती चौकोनाची रेघ. कुणाला काही जोडायचंच नाही, असा तो एकटा बनवलेला होता.

नाना विचारत होते, आवडला का. मी आवडला म्हणाले. ते गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले. फुईनं दारावर थाप मारली नाही. तिचं यंत्र थांबलेलं होतं आणि माझं तोंड धुऊन होईपर्यंत ते पुन्हा सुरू झालं नाही.

पुढच्या आखाजीला मी तो नवा घेऊन गेले. ओसरीत दादानं आणि मी दोन्ही निळे शेजारी ठेवले. जोडलेला निळा लालपासून मोकळा करताना दादाला दात लावावे लागले, इतका तो घट्ट बसला होता. मग आम्ही दोघं सराफासारखे मांडी घालून बसलो. डोळे बघितले, चाकं बघितली, दादानं दोन्ही एका एका हातावर तोलून बघितले. शेवटी त्यानं नवा उलटा केला. "नाना, याले भोकच नही."

नाना दाढी करत होते. तसेच अर्ध्या साबणानं आले. त्यांनी तो आपल्या मोठ्या हातात घेतला, उलटा, सुलटा, उजेडाकडे धरून. "मी दुकानदारले सांगेल व्हतं, पहिलासारखाच दे," ते म्हणाले. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना काहीतरी कळलं. माझी युक्ती कळली की नुसतंच वाईट वाटलं, ते सांगता येणार नाही. "थांब, मी करी देसू," म्हणाले आणि गाडीतला पेचकस आणून त्यांनी चुलीत खुपसला.

लाल झालेला पेचकस त्यांनी त्या चौकोनाच्या रेघेवर टेकवला. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. माय पुरण वाटता वाटता ओरडली. नानांनी रेघ सांभाळायचा फार प्रयत्न केला, पण भोक तिरकं झालं. कडा वितळून आत वळल्या आणि एक खांदा कायमचा चिकटून बसला. त्यांनी लालची खुंटी त्यात दाबली. ती निम्मीच गेली. उंच रोबो उभा राहिला खरा, पण वाकून, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. "बसनं ना?" नाना मला विचारत होते. मग स्वतःच म्हणाले, "बसनं." त्यांच्या गालावरचा साबण वाळून गेला होता.

मी मान हलवली. नाना मला भोक करून देतील, खांदा जाळतील, बोट भाजून घेतील, दिल्ली पालथी घालतील. मला घरी मात्र आणणार नाहीत, कारण मी तसं काही मागत असेन हे त्यांना सुचलेलंच नव्हतं.

दुपारी पंगत बसली. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. रसाचं पातेलं आधी माझ्यापाशी आलं. दादानं कुरकुर केली, दर वेळी तिला पहिलं का? माय त्याला म्हणाली, "तिले पहिलांदा वाढसू. ती चार दिनसाठे येल शे."

ती चार दिवसांसाठी आली आहे. माय अगदी मायेनं म्हणाली होती. माझ्या ताटातली वाटीही पाहुण्यांची होती, कडेला फुलं असलेली. दादाची रोजचीच, पोचे आलेली. मला ती पोच्यांची वाटी इतकी हवी होती की मी रसाला हातच लावला नाही. फुई वर्षातून एकदा येते तशीच मी येत होते. तिला न्यायला येतात, मलाही येतात. तिची पिशवी भरतात, माझीही भरतात. तिचं लग्न होऊन ती गेली होती. मी चौथी पास झाले होते.

मी म्हणाले, "माय, मनं साल भरनं."

"कसानं साल?" मायनं विचारलं.

"सालदारनं भरस तसं."

आधी काका हसले. मग कुणीच हसलं नाही. मायच्या हातातला पळा पातेल्यावर तसाच राहिला. नानांनी घास ताटात ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी बघत होते समोर बसलेल्या फुईकडे. तिनं मान वर केली नाही. पोळीचा एक तुकडा ती बोटांनी बारीक करत होती, आणखी बारीक, खायचा नसल्यासारखा. काही बोलली असती, रडली असती, तर मी नेटानं तिथंच थांबले असते. ती फक्त वाट बघत होती. ती वाट बघणं मला ओळखीचं होतं. रिकाम्या खिडकीपाशी मी तेच करत आले होते.

घरात जागा होती, रस होता, माय तोंड उघडणारच होती. ती काय म्हणाली असती हे मला आजवर माहीत नाही. कारण तिच्या आधी मीच सालदारासारखी मान खाजवली आणि म्हणाले, "आखो एक साल ऱ्हासू."

परत जाताना पिशव्यांबरोबर मी तो तिरक्या भोकाचा निळा घेतला. पहिला, जड, पिवळ्या डोळ्यांचा निळा दादापाशी राहू दिला, पुन्हा लालला जोडून. जाणकार मुलाला हे सांगितलं असतं तर त्यानं कपाळावर हात मारला असता. धुळ्याला गल्लीच्या तोंडाशी नानांनी मला उचलून खाली ठेवलं आणि जरा वेळ सोडलंच नाही. त्यांच्या शर्टाला चिकाचा वास येत होता. "पुढच्या खेपले भोकवाला लयसू," म्हणाले. मी म्हटलं, नको, हाच चांगला आहे.

गाडी वळून गेली. फुईनं कुलूप काढलं. चार दिवस बंद असलेल्या खोलीत गरम, कोंदट अंधार होता. मी दारातच उभी राहिले. मला फार रडायचं होतं. फुई पिशव्या घेऊन सरळ आत गेली आणि मागं वळूनही न बघता, घरच्या माणसाला सांगतात तसं करडं ओरडली, "उभी काय वं? दिवा लाव."

मी निळा खिडकीत ठेवला, पाठ कडेच्या भिंतीकडे करून, आणि दिवा लावला.